एकतीस वाटा

रात्री पावणेदोनला तिचा फोन आला. "सर, मेंबर लोकांनाही पावसाचा चार्ज लागतोय. मी संध्याकाळी एक अट टाकली, त्यानंतर सुरू झालंय." आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पण तिला कॉलेज सोडून सहाच महिने झाले होते. 'सर' अजून सुटलं नव्हतं.

आमचं ॲप घरपोच किराणा देतं. डिलिव्हरीचा चार्ज ठरवणारं फंक्शन तीन वर्षांपूर्वी मी लिहिलं. तेव्हा त्यात दोनच अटी होत्या: अंतर किती आणि बिल किती. मग पाऊस आला, रात्रीचा दर आला, मेंबरशिप आली, गणपतीची ऑफर आली. दर वेळी घाई असायची आणि दर वेळी मी आणखी एक 'इफ' आत सरकवायचो. शेवटी 'इफ'च्या पोटात 'इफ' असे पाच थर झाले. तिची नवी अट एका कंसाच्या फरकाने भलत्याच थरात पडली.

आम्ही बदल मागे घेतला, ग्राहकांचे पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "नवीन मुलांनी कोड नीट वाचून मगच हात लावावा." ती मान खाली घालून बसली होती. ते फंक्शन माझं आहे, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो.

संध्याकाळी फंक्शन टूलमधून तपासलं. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी ३१.

हे माप थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलं. कोडमधल्या प्रत्येक 'इफ'ला, प्रत्येक लूपला एक गुण द्यायचा आणि शेवटी त्यात एक मिळवायचा. येईल तो आकडा म्हणजे फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा. मॅकेब यांनी साधारण १० ही मर्यादा सुचवली होती, पण तो आकडा जादूचा नाही हेही सांगितलं होतं.

मी आधी लबाडीच केली. फंक्शनचे चार तुकडे पाडले, 'भाग१' ते 'भाग४'. प्रत्येकाचा आकडा दहाच्या आत आला, टूल हिरवं झालं. पण वाचणाऱ्याला आता त्याच गुंत्यासाठी चार ठिकाणी उड्या माराव्या लागणार होत्या. केस न विंचरता वेण्या घातल्यासारखं झालं.

मग दुसरं माप लावून पाहिलं, सोनारसोर्सचं कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी. ते खोलीही मोजतं. एकाखाली एक लिहिलेले पाच 'इफ' आणि एकात एक कोंबलेले पाच 'इफ', मॅकेबच्या मापात दोन्ही ६. इथे मात्र पहिले ५ आणि दुसरे १५, कारण आतला थर वाचताना बाहेरच्या सगळ्या अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. तिला नेमकं तेच करावं लागलं होतं.

पुन्हा लिहायला बसलो. आधी जुन्या हिशेबावर चाचण्या लिहिल्या, म्हणजे चार्ज एका रुपयानेही बदलू नये. मग अपवाद सुरुवातीलाच निकालात काढले: ऑर्डर रद्द असेल तर शून्य, तिथूनच परत. दर 'इफ'मधून काढून एका तक्त्यात ठेवले. मुख्य फंक्शन ७ वर आलं.

तिला म्हणालो, "हे मला वाचून दाखव." ती सरळ वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. "हे 'फ्लॅग२' म्हणजे काय?"

पावसाचा दर लागू आहे की नाही, एवढंच. पण ते फक्त मला माहीत होतं, आणि असल्या नावाला ही दोन्ही मापं एकही गुण लावत नाहीत. नाव बदललं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी ३१चा आकडा स्क्रीनवर दाखवला आणि सांगितलं की हे माझं काम होतं. मॅनेजर "बरं" म्हणून पुढच्या विषयाकडे वळले.

फंक्शन सोपं करायला मला दोन दिवस लागले होते. हे एक वाक्य बोलायला आठवडा लागला.