आईची उलटी कुठून येत होती?

आजचा धागा औषधांच्या इतिहासाचाच आहे. फक्त त्याची सुरुवात आमच्या घरातून होते.

१९८७ साली आईला बोर्ली पंचतनहून दर तीन आठवड्यांनी मुंबईला न्यावे लागे. अंडाशयाचा कर्करोग होता आणि औषध होते सिस्प्लॅटिन. म्हसळ्याच्या वळणांवर तिला कधी एसटी लागली नाही. सलाइनमधून औषध गेल्यावर मात्र दोन-तीन तासांनी उलट्या सुरू होत, त्या रात्रभर थांबत नसत. "अरे, हे पोटातून उठतंय," ती म्हणे. मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. उलटीचे नियंत्रण मेंदूत असते हे नुकतेच वाचले होते, ते तिला ऐकवले. आत्या म्हणाली, "वहिनी, मन घट्ट करा."

माझे वाचन चुकीचे नव्हते, अर्धवट होते. १९५० च्या सुमारास बोरिसन आणि वांग यांनी दाखवले, की मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग रक्तातले विष ओळखतो. अपोमॉर्फिनची उलटी त्या वाटेने येते. पण याच दोघांनी कुत्र्यांना मोरचूद देऊन दुसरी वाटही शोधली होती. पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा कापल्या, की मोरचुदाची उलटी सहजी होत नसे. माझ्या पाठ्यपुस्तकात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला होता. मी तोही ओलांडून गेलो असेन.

सिस्प्लॅटिन याच दुसऱ्या वाटेने जाते. आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशी त्याने दुखावतात आणि सेरोटोनिन सोडतात. हे द्रव्य आपण मेंदूचे समजतो, पण शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यातच असते. इटलीच्या एर्स्पामेर यांना ते १९३० च्या दशकात तिथेच सापडले होते. त्या पेशींलगत व्हेगस नसेची टोके असतात. व्हेगसचे बहुतेक तंतू मेंदूचे हुकूम खाली आणत नाहीत, पोटाची खबर वर नेतात. सेरोटोनिनचा स्पर्श झाला, की खबर निघते.

उंदरांना उलटी होतच नाही, म्हणून हे प्रयोग फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर झाले. १९८६ मध्ये मायनर आणि सँगर यांनी सेरोटोनिनचा तो ग्राहक अडवला आणि सिस्प्लॅटिनची उलटी थांबली. म्हणजे मी आईला मेंदू समजावत होतो, त्याच्या आदल्याच वर्षी. त्याच तत्त्वावरच्या ऑन्डान्सेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९१ साली.

आईने चौथ्या डोसाला नकार दिला. १९८९ च्या पावसाळ्यात ती गेली. उपचार पूर्ण झाले असते तर काय, हे मी कोणाला विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी आत्यालाही हेच औषध घ्यावे लागले. सलाइन लावण्याआधी परिचारिकेने उलटी थांबवणारे इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी थोडी मळमळ झाली (उशिरा येणाऱ्या मळमळीमागे दुसरे एक द्रव्य असते, त्यावर पुन्हा कधी), पण पहिल्या रात्री तिने चक्क पेज मागितली. वाटी खाली ठेवत म्हणाली, "वहिनीला हे इंजेक्शन का नाही दिलं रे?"

"तेव्हा नव्हतं, आत्या."

"आणि आपण तिला मन घट्ट करायला सांगत होतो."