एका खोलीचे भय

चार पैसे खर्चून भीती विकत घ्यावयाची, ही कल्पनाच आमच्या वाचकांतील पुष्कळ पालकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आम्ही कोथरुडात राहतो. आणि १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची चित्रफितींची कोठारे ज्या उपनगरात आहेत, तेथे चित्रपटांवर वाद झाला नाही असा आठवडा सहसा जात नाही. गेल्या पावसाळ्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने एक भयपट आम्हांस घरच्या संगणकावर बळेच दाखविला. त्याचे नाव 'क्यूब', म्हणजे घन. त्यात रक्तपात फार असल्यामुळे शाळेतील मुलांनी तो पाहण्याजोगा नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. त्यातील विचार मात्र मुलांपुढे व पालकांपुढे ठेवण्याजोगा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्हिन्सेन्झो नताली नावाच्या कॅनडातील तरुण दिग्दर्शकाने १९९७ साली हा आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. हाताशी पैसा सुमारे साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर, म्हणजे तिकडच्या चित्रसृष्टीच्या हिशेबाने चणेफुटाण्यांपुरताच. तेव्हा त्याने एकच खोली उभी केली : चौदा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच. भिंतींतील रंगीत तावदाने बदलली की तीच खोली कधी तांबडी, कधी निळी, कधी हिरवी होई. पाहणारास मात्र आपण शेकडो खोल्यांतून फिरून आलो असे वाटत राहते. गरिबीने शिकविलेली ही युक्ती आम्हांस चित्रपटातील सर्व मारक यंत्रांहून अधिक आवडली.

कथा अशी. एकमेकांस अनोळखी असलेली काही माणसे या घनात जागी होतात. एक पोलीस, एक डॉक्टरीणबाई, तुरुंग फोडण्यात निष्णात असा एक कैदी, गणिताची एक विद्यार्थिनी, कचेरीत नकाशे काढणारा एक उदास गृहस्थ, आणि मागाहून सापडलेला एक स्वमग्न तरुण. आपण येथे कसे आलो हे कोणासच ठाऊक नाही. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची तरी वाट माहीत होती. यांना तीही नाही. प्रत्येक खोलीला सहा दारे, प्रत्येक दारापलीकडे तशीच खोली, आणि काही खोल्यांत मृत्यू दबा धरून बसलेला. खोल्या किती, याचा हिशेब ती विद्यार्थिनी करते : सव्वीस गुणिले सव्वीस गुणिले सव्वीस, म्हणजे १७,५७६.

प्रत्येक दारावर तीन अंकी अशा तीन संख्या कोरलेल्या आहेत. त्यांत एखादी मूळ संख्या असली तर पुढची खोली घातक, असा तर्क विद्यार्थिनी काढते. काही काळ तो चालतो, नंतर फसतो. कारण नियम त्याहून खोल आहे. मूळ संख्येचा घात असला तरी खोली घातकच. म्हणजे २५ ही मूळ संख्या नव्हे, पण ती पाचाचा वर्ग आहे, एवढ्यानेच घात व्हावयाचा. चित्रपटात सांगतात की हे हिशेब मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. येथे आमच्यातील गणिताचा शिक्षक किंचित हसला. तीन अंकी संख्या तपासण्यास दोनापासून एकतिसापर्यंतच्या अवघ्या अकरा मूळ संख्या पुरतात, आणि आमच्या सातव्या इयत्तेतील हुशार मुलगा हे काम कागद-पेन्सिलीने सहज करील. परंतु मृत्यू उंबऱ्यावर उभा असता किती जणांस पाढे आठवतील, हा प्रश्न निराळा.

असो. ते अवयव मनातल्या मनात पाडतो तो त्यांच्यातील स्वमग्न तरुण. त्याला तोवर सर्वांनी ओझे मानलेले असते. मागे टाकून पुढे जावे, असेही पोलिसाच्या मनात येते. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडाचे पुढे काय झाले, हे या शाळेच्या वाचकांस सांगावयास नकोच. अखेरीस उजेडात पाऊल टाकतो तो हा एकटाच. बाकीचे यंत्रांनी मेले त्याहून अधिक परस्परांच्या संशयाने मेले.

कोथरुडातील ज्या इमारतीत आम्ही राहतो, तेथे पूर्वी एक बंगला व फणसाचे झाड होते. आता अकरा मजले आहेत. एके संध्याकाळी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आम्ही चौघे होतो. तिघे त्याच इमारतीत कित्येक वर्षे राहत होतो, आणि एकासही दुसऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. एक गृहस्थ दार बडवू लागले. दुसरे आमच्याकडे असे पाहू लागले की जणू वीज आम्हीच घालविली. चौथ्या होत्या धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या मावशी. त्या म्हणाल्या, "साहेब, दार बडवून काही व्हायचं नाही. रखवालदार आता टाकीपाशी असतो; तो खाली यायला लागला की हाका मारा." आणि तसेच झाले. सारी इमारत कोणत्या वेळी कोठे असते, हे त्या एकट्या जाणत होत्या.

मूळ प्रश्न मात्र निराळाच आहे. हा घन बांधला कोणी? चित्रपट त्याचे उत्तर देत नाही. देतो ते एवढेच की नकाशे काढणाऱ्या त्या उदास गृहस्थाने घनाचे बाहेरचे कवच आखले होते. काम आले, त्याने केले, पगार घेतला; आत काय ठेवावयाचे आहे हे विचारले नाही. दुसऱ्या कोणी दारे केली असतील, तिसऱ्याने यंत्रे. पुतण्याला हे पटेना. एवढी मोठी वस्तू धन्यावाचून उभी राहीलच कशी, असे तो दोन दिवस विचारीत होता.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही त्याला एक मराठी भयपट दाखविला. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला 'लपाछपी' २०१७ साली चित्रपटगृहांत आला, आणि २०२१ साली त्याची 'छोरी' नावाने हिंदी आवृत्ती निघाली. येथे घन नाही, उसाचे रान आहे. सावकारी तगाद्याला भिऊन पळालेले एक जोडपे रानाच्या मध्यावरच्या एका घरात आश्रय घेते. पत्नी गरोदर आहे. तीही भूमिका करणाऱ्या पूजा सावंत आणि घरधनीण झालेल्या उषा नाईक यांनी अंगावर काटा आणला. डोक्याहून उंच ऊस, कोणत्याही बाजूस वळले तरी तीच हिरवी भिंत, आणि मध्येच लहान मुलांच्या खेळण्याचे आवाज. त्या घरात मुलींचे जीव घेतले गेले आहेत, हे हळूहळू उघड होते. हा भुलभुलय्या कोणा अज्ञात सरकाराने बांधलेला नाही; घरच्याच माणसांनी बांधला आहे.

ही केवळ भुताची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. गर्भाचे लिंग तपासण्यावर निर्बंध घालणारा कायदा भारतात सर्वांआधी महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ त ८९४ झाल्या. यंत्र चालविणारा एक, चिठ्ठी लिहिणारा दुसरा, पैसे मोजणारा तिसरा, आणि सुनेला गाडीत बसविणारा चौथा. हे आकडे आम्ही पुतण्यापुढे ठेवले. तो पुष्कळ वेळ त्यांकडे पाहत राहिला.

चित्रपट चालू असता वहिनी मध्येच उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचे माहेर उसाच्या मुलखातले. त्यांना भीती वाटली असेल, असे आम्ही समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "भावोजी, आमच्या आजीला सात लेकी झाल्या, असं घरात बोलत. आत्या मात्र आम्हांला दोनच."