हैमाच्या अलीकडे पन्नास किलोमीटर

मस्कतहून सलालाला लोक विमानाने जातात. दीड तासात पोचतात. आम्ही गाडीने निघालो, कारण सासूबाईंना वाळवंट बघायचं होतं आणि लेकाला उंट. माझे दीर मस्कतला नोकरीला आहेत. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही चौघंच निघालो. नवऱ्याने पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. सात सीटची भाड्याची गाडी घेतली. ती सलालाला सोडायची आणि विमानाने परत यायचं, असं ठरलं.

अंतर साधारण हजार किलोमीटर. जुलै महिना होता. सलालात त्या वेळी पावसाळी धुकं असतं आणि पारा पंचविशीच्या आसपास, पण मधला सगळा पट्टा तापलेला. दिरांनी निघताना पाण्याचे दोन खोके गाडीत टाकले आणि ९९९९ हा पोलिसांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालायला लावला. शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. शुक्रवार म्हणजे तिथला रविवार. रस्ता रिकामा मिळेल एवढाच आमचा हिशेब होता.

निझवाला नाश्ता केला. अदम सोडलं की डोंगर संपतात. मग दोन्ही बाजूंना सपाट खडीची जमीन. मनात असते तशी वाळूची टेकडी या रस्त्यावर दिसत नाही. सासूबाई थोड्या हिरमुसल्या. लेकाला मात्र उंट भरपूर दिसले. ते रस्त्यावरच येतात, म्हणून तिथे रात्री गाडी चालवू नये असं सगळेच सांगतात.

साडेदहाच्या सुमाराला बॉनेटखालून फटकन आवाज आला. लगेच बॅटरीचा लाल दिवा लागला. एसीतून गरम हवा यायला लागली. नवरा म्हणाला, "स्टिअरिंग जड झालंय." तापमानाचा काटा वर चढताना मला मागच्या सीटवरून दिसत होता. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. ही सगळी लक्षणं एकदम आली तर बहुतेक इंजिनावरचा बेल्ट तुटलेला असतो, हे आम्हाला नंतर कळलं. अशा वेळी अजून थोडं पुढे रेटू म्हटलं तर इंजिन जातं.

बाहेर पाऊल टाकलं आणि श्वास अडकला. सावली म्हणजे गाडीची, तीही हातभर. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात होतं, पण त्या उन्हात बर्फ किती टिकणार? मी त्या डब्यावर ओला टॉवेल गुंडाळला आणि तो दर थोड्या वेळाने उघडून बघत राहिले. उघडलं की गार हवा जाते हे मला कळत होतं. तरी उघडत होते.

फोनला एक दांडी यायची, जायची. गाडीवाल्या कंपनीचा नंबर तिसऱ्यांदा लागला. त्यांनी सांगितलं की मस्कतहून रिकव्हरी पाठवतो, सहा-सात तास लागतील. तिकडे टो करणाऱ्या गाडीला सगळे रिकव्हरी म्हणतात.

पहिला थांबला तो एक टँकर. चालक पेशावरकडचा पठाण. त्याने बॉनेटखाली डोकावून मान हलवली. त्याला वेळेत माल पोचवायचा होता. जाण्याआधी त्याने आमचा लाल त्रिकोण उचलून बराच मागे नेऊन ठेवला. आम्ही तो गाडीला जवळजवळ चिकटून ठेवला होता. मग स्वतःच्या केबिनमधली गार पाण्याची बाटली त्याने सासूबाईंच्या हातात दिली आणि तो गेला.

नंतर एक पांढरी पिकअप आम्हाला ओलांडून गेली, पुढे जाऊन वळली आणि परत आली. साठीच्या आसपासचे एक ओमानी गृहस्थ उतरले. अंगात पांढरा डिशडाशा, डोक्याला मस्सर. त्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. म्हणाले, "बेल्ट खलास. मुश्किल नहीं." हिंदी त्यांना चांगलं येत होतं. तेल कंपनीच्या कॅम्पवर हिंदुस्तानी आचाऱ्यांबरोबर पुष्कळ वर्षं काढली होती.

ते म्हणाले, माझं घर हैमाला आहे, सगळे चला. खरं सांगते, मला त्या पिकअपमध्ये बसायचं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघत उभी राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मुलीला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. ती शाळेत शिक्षिका होती. इंग्रजीत म्हणाली, "मी घरीच आहे, आई आहे, आजी आहे. तुमच्या सासूबाईंना उन्हात ठेवू नका." मी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून दिरांना पाठवत होते, तर ते गृहस्थ बाजूला सरकून म्हणाले, "निकालो, निकालो, भाई को भेजो." मेसेज गेला नाही. तरीही आम्ही बसलो.

त्यांनी आमची गाडी दोरीने ओढून न्यायला साफ नकार दिला. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर लांब ओढली तर गिअरबॉक्स जातो म्हणाले. हैमातल्या रिकव्हरीवाल्याला फोन केला. तो जुम्म्याच्या नमाजानंतर निघणार होता. गाडी कुलूप लावून तशीच सोडली. बॅगा काढू का, असं नवऱ्याने विचारलं तर ते नुसतेच हसले.

हैमा हे तसं छोटं गाव आहे. पेट्रोल पंप, गॅरेजं, टायरची दुकानं, दोन-चार खाणावळी. मस्कत-सलाला रस्त्याच्या साधारण मध्यावर असल्यामुळे सगळे तिथे थांबतात. घरात शिरताच मुलीने पहिली गोष्ट केली ती इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवण्याची. मी सांगितलंही नव्हतं. डबा बघूनच तिला कळलं. फ्रिजच्या दारात तिच्या आजीचं इन्सुलिन होतंच.

पुरुष बाहेरच्या मजलिसमध्ये, आम्ही आत. खजूर आले, वेलदोडा घातलेला बिनसाखरेचा कावा आला. त्याची वाटी इवलीशी असते आणि रिकामी झाली की लगेच भरतात. पुरे म्हणायचं असेल तर ती हातात जराशी हलवून परत द्यायची असते. हे माहीत नसल्याने सासूबाई सात-आठ वाट्या प्यायल्या आणि पुढे रात्रभर जाग्या राहिल्या.

जेवायला मोठ्या थाळ्यात मटण आणि भात आला. आम्ही तिघं खातो, सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. मी ते दबकत सांगितलं. मुलीने कोपऱ्यावरच्या मल्याळी माणसाच्या कॉफी शॉपमधून परोटे आणि डाळ मागवली, सोबत चिप्स ओमानचं पाकीट. परोट्यात ते चिप्स चुरून गुंडाळून खातात. लेकाने मटण बाजूला सारून तेच खाल्लं.

तिकडे मजलिसमध्ये नवरा दुसरीच कथा ऐकत होता. यजमान हरासीस जमातीचे. तरुणपणी ते ऑरिक्स राखायला होते. अरबी ऑरिक्स हे लांब सरळ शिंगांचं पांढरं हरण. शिकारीमुळे १९७२ पर्यंत ते रानातून नाहीसं झालं. मग बाहेरच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले कळप आणून १९८२ मध्ये याच माळावर सोडले आणि राखणीला इथल्याच लोकांना घेतलं. १९९४ मध्ये तो भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पुढे पुन्हा चोरटी शिकार झाली, तेलाच्या शोधासाठी राखीव क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केलं गेलं आणि २००७ मध्ये ते नाव यादीतून काढलं. यादीतून बाहेर पडलेलं जगातलं ते पहिलं ठिकाण. नवरा म्हणाला, हे सांगताना ते बेल्टचं बोलले होते त्याच सुरात बोलत होते.

तीनच्या पुढे गाडी गॅरेजला आली. मेकॅनिक बांगलादेशी होता. त्याने सांगितलं की बेल्ट ताणून धरणारी पुली जाम झाली होती, तिनेच बेल्ट खाल्ला. नुसता बेल्ट घातला तर तोही तुटेल. पुली हैमात मिळेना. यजमानांनी निझवाच्या दुकानदाराला फोन केला आणि सलालाकडे येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडे पार्ट देण्याची व्यवस्था लावली. तो रात्री दहानंतर आला. मधल्या वेळात आम्ही हॉटेलचं विचारलं, तर मुलगी म्हणाली, गाद्या घातल्या आहेत. मला त्या घरात झोप लागेल असं वाटलं नव्हतं. पण पडले ती थेट सकाळच्या अजानलाच उठले.

सकाळी आठला गाडी तयार. मेकॅनिकने पार्ट आणि मजुरीचे मिळून सत्तावीस रियाल घेतले. रिकव्हरीचे वीस वेगळे. बिलावर त्याने शिक्का मारला आणि जुनी पुली, तुटलेला बेल्ट पिशवीत घालून दिला. "फेकना मत," म्हणाला, "कंपनी मांगेगा." इतका कामाचा सल्ला त्या प्रवासात दुसरा मिळाला नाही.

यजमानांनी पैसे घेतले नाहीत. नवऱ्याने लेकाकरवी द्यायचा प्रयत्न केला तेव्हा ते चिडल्यासारखे झाले, म्हणून तो नाद सोडला. सासूबाईंनी दिलेला भाकरवडीचा डबा मात्र आजींनी ठेवून घेतला. थुमरैतला पोचल्यावर फोन करा, असं यजमानांनी बजावलं होतं. आम्ही विसरू म्हणून की काय, थुमरैत यायच्या आत त्यांचेच दोन फोन आले. थुमरैतच्या पुढे घाट उतरताना समोर धुकं आलं आणि आम्ही एसी बंद करून काचा खाली केल्या.

सलालाला गाडी परत करताना कंपनीच्या काउंटरवर मी बिलं आणि ती पिशवी ठेवली. तिथल्या मुलाने जुना बेल्ट खरंच मागितला. सत्तेचाळीस रियाल मंजूर झाले. मग त्याने विचारलं, रात्रीच्या मुक्कामाचं बिल कुठे आहे, तेही मिळेल. मी म्हटलं, नाही. त्याला वाटलं हरवलं. हॉटेलचं नाव सांगा, आम्ही मागवून घेऊ, म्हणाला. हॉटेल नव्हतं, एकांच्या घरी राहिलो, असं सांगितलं. "नातेवाईक?" त्याने विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याने तो रकाना कोरा सोडला आणि फॉर्म सहीसाठी माझ्याकडे सरकवला.