दावं

रात्री साडेअकराच्या पुढं विश्रामबागेतले आवाज एकेक करून विझत जातात. शंभर फुटी रस्त्यावरचा शेवटचा गाडा फडकं मारून बंद होतो, वालचंदची चहाला आलेली पोरं हॉस्टेलकडं परततात, आणि मग मिरजेकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी स्वच्छ आमच्या भिंतीपर्यंत येऊन टेकते. २००८ साली मी याच वेळेची वाट बघत जागा असायचो. गाव झोपलं की माझं इंटरनेट जागं व्हायचं.

सामान फार नव्हतं. जुना घेतलेला लॅपटॉप, नोकियाचा ३११० क्लासिक, आणि दोघांना जोडणारी हातभर केबल. रेंज घरात एकाच ठिकाणी धड यायची, स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत. म्हणून फोन तुरीच्या डाळीच्या डब्यावर आणि मी ओट्याशेजारी स्टुलावर. लॅपटॉपवर एक बटण दाबलं की फोन *९९# फिरवायचा, तेही मुकाट्यानं. त्याआधीचा टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम कसा, डबक्यातल्या बेडकांसारखा ओरडून अख्ख्या घराला सांगायचा की आता जोडणी होतेय. फोनच्या पडद्यावर नुसते दोन बाण लुकलुकायचे.

भाषांतराची कामं पुण्याला पाठवायची असत. दोन एमबीची फाईल म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर सात मिनिटं. आणि सुरळीत असं सहसा काही चालत नसे.

रात्रीच का, हे मला बरंच उशिरा कळलं. त्या काळच्या मोबाइल यंत्रणेत एका लहरीवरचा वेळ आठ कप्प्यांत वाटलेला असायचा. आपल्या आठ प्रहरांसारखाच. फक्त ही आठांची फेरी सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी वेळात पुरी व्हायची. बोलणाऱ्या माणसाला त्यातला एक कप्पा मिळे. इंटरनेटच्या वाट्याला मुख्यतः बोलण्यातून उरलेले रिकामे कप्पे. संध्याकाळी गाव फोनवर असायचं, बाजार, सोयरिकी, दवाखाने. माझी फाईल दाराशी उभी. मग हळूहळू एकेक जण ‘बरं, ठेवतो’ म्हणायचा आणि ती पाऊल पाऊल पुढं सरकायची. माझी पानंच्या पानं लोकांच्या गप्प राहण्यातून पुण्याला गेली आहेत. हे कळल्यावर ओट्याशेजारच्या त्या बसण्याकडं बघण्याची माझी नजरच बदलली.

आमची आत्या मात्र साडेअकरालाही गप्प नसे. ती सांगलीत गावभागात राहायची, झोप कमी. फोन वाजला की बाण जागच्या जागी थिजायचे, कारण त्या फोनला एका वेळी एकच काम जमायचं. बोलणं चालू असेतोवर इंटरनेट थांबायचं. “झोपलास का रे?” इथून सुरुवात होऊन गुडघा, दूधवाला, आणि कृष्णेचं पाणी गढूळ झालंय का, यावर अकरा-बारा मिनिटं जायची. त्यानंतर कधी फाईल सोडल्या ठिकाणाहून निघायची, कधी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा मी चरफडायचो. पण हा क्रम यंत्र बनवणाऱ्यांनीच ठरवलेला होता, आधी माणसाचं बोलणं, मग कागद. मला तो आजही बरोबर वाटतो.

फोन असा मोडेम म्हणून वापरण्याला इंग्रजीत टेदरिंग म्हणतात. शब्दकोशात अर्थ बघितला आणि हसूच आलं: जनावर दाव्यानं बांधणं. आजोळी तासगावकडं गोठ्याबाहेर खुंटीला वासरू असायचं. दावं पुरेल तेवढं ते फिरायचं, आणि तेवढ्या मातीवर त्याच्या खुरांचं गोल रिंगण उमटायचं. आत गवत नाही, बाहेर हिरवंगार. हातभर केबलचं माझं रिंगणही तसंच होतं. ओटा, स्टूल, डाळीचा डबा. पाणी प्यायला उठताना आधी लॅपटॉप सांभाळायचा. वासरू कोण आणि खुंटी कोण, हे मात्र नीट ठरवता यायचं नाही.

पुढं २०१० साली अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत हॉटस्पॉट आला आणि दावं दिसेनासं झालं. एका फोनला पाच-सात जण बांधले जाऊ लागले. शेजारी वाटी घेऊन विरजण मागायला यावं, तसं “जरा नेट द्या की” म्हणत लोक यायला लागले. फरक एवढाच की विरजण दिल्यानं आपलं दही आटत नाही. इथं आपली बॅटरी उतरते, डेटा सरतो, फोन तव्यासारखा तापतो. तरी देणारे देतातच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फूट ओलांडले. गावभाग पाण्यात गेला, आत्या आणि तिच्या वाड्यातली माणसं आमच्याकडं आली. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण वीज गेलेली, म्हणजे घरातला ब्रॉडबँडही मेलेला. माझा फोन पुन्हा त्याच डाळीच्या डब्यावर बसला. मोटरसायकलच्या बॅटरीवरून तो चार्ज करायचा आणि सगळ्यांनी त्याला बांधून घ्यायचं. दर तासाला कुणीतरी पुलाची पातळी बघे, आणि आकडा मोठ्यानं सांगायची वेळ आली की आवाज आपोआप खाली येई. तिसऱ्या दिवशी होडीतून कुणी काढलेला वाड्याचा फोटो आला. तो थेंबाथेंबानं उतरत होता. आधी कौलं, मग सज्जा, मग नुसतं तपकिरी पाणी. आत्या बोट न लावता बघत राहिली. “तुळस गेली,” म्हणाली, आणि त्या रात्री तिनं कुणालाच फोन केला नाही.

आता घरात फायबर आहे, वेगाबद्दल तक्रार नाही. आत्या नाही. साडेअकराला फोन वाजत नाही, आणि वाजला तरी काही थांबत नाही.

माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला मी नाव दिलंय ‘दावं’. विश्रामबाग स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघताना तुम्हाला यादीत ते दिसलं, तर मी तिथंच कुठंतरी बसलेला असेन. पासवर्ड मागायला लाजू नका.