रुळांतली राखण
अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, मेट्रोने जाताना फोर्ट टोटन स्टेशन लागते. तेथील रुळांची गंमत डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक टप्प्यात विजेचा सौम्य प्रवाह खेळवलेला असतो. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह पलीकडच्या यंत्राला पोचत नाही, आणि मागच्या गाडीला थांबण्याचा हुकूम सुटतो. तार तुटली तरी हुकूम तोच! विल्यम रॉबिन्सन यांची ही १८७२ सालची युक्ती. पण २२ जून २००९ रोजी येथे बिघडलेल्या यंत्रातूनच भलता संकेत शिरला. गाडी उभी असताना रूळ मोकळा ठरला. मागून गाडी आदळली, नऊ जण दगावले. जवळच्या उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ नऊ शिल्पे आहेत. प्रवाशाने तेथे घटकाभर अवश्य थांबावे.