यादीतली खाट



दशलक्षण पर्वात माझ्या शेजारी बसणाऱ्या वहिनी मंदिरात यायच्या बंद झाल्या. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) यजमानांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि हातात पैसे नव्हते. मी उत्साहाच्या भरात महिला मंडळात वर्गणी गोळा केली. ते त्यांच्या कानावर गेलं. "ताई, आमचं नाव वहीत नको हो," एवढंच फोनवर म्हणाल्या. चूक माझीच.

मग नातवाला शेजारी बसवून धर्मादाय आयुक्तांची वेबसाइट उघडली. तिथे जिल्हावार धर्मादाय रुग्णालयं आणि त्यांच्या राखीव खाटा दिसतात. 10 टक्के खाटा निर्धनांसाठी, उपचार मोफत. 10 टक्के दुर्बल घटकांसाठी, निम्म्या दरात. बी.कॉम.चा उपयोग म्हणून वहीत रकाने पाडले आणि फोन लावत बसले. दोन नंबर लागलेच नाहीत. तिसरीकडे स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "खाट नाही." यादीत तर चार रिकाम्या! म्हटलं, वैद्यकीय समाजसेवकांना फोन जोडून द्या. ते नीट बोलले. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा म्हणाले.

वहिनींना सांगितलं, हे दान नाही, कायद्यातली तरतूद आहे. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अर्जावर सही माझी चालेल ना?"

दाखला मिळाल्यावर यजमानांना दाखल केलं. वर्गणी मी ज्याची त्याला परत केली. दोघींनी तर मोजूनसुद्धा घेतली.