सावध हात

रत्नागिरीजवळील भाट्याच्या विस्तीर्ण वाळूवर मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला, की फलंदाजी प्रत्येकालाच हवी असते. चेंडू अडविण्याचे काम मात्र कोणी हौसेने मागून घेत नाही. याच कामात आपले सर्व कौशल्य ओतून एका मराठी खेळाडूने जगभर कीर्ती मिळविली. त्याचे नाव एकनाथ सोलकर.

एकनाथचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. जिमखान्यात सामने होत, तेव्हा एकनाथ धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम करी. हाच मुलगा १९६९ साली भारताच्या कसोटी संघात दाखल झाला.

सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, अवघ्या काही पावलांवर, ‘फॉरवर्ड शॉर्ट लेग’ला उभे राहत. त्या काळी शिरस्त्राण घालण्याची पद्धत नव्हती. जोराने फटकावलेला चेंडू तोंडावर बसला, तर डोळाही जायचा! अशा जागी भिऊन अंग चोरणाऱ्याचा निभाव लागत नाही. पाय रोवून, खाली वाकून, नजर बॅटीवर खिळवावी लागते. सोलकरांच्या या धैर्यामुळे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या फिरकीला दुप्पट धार येई.

ऑगस्ट १९७१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर याचा प्रत्यय आला. इंग्लंडच्या ॲलन नॉटने पहिल्या डावात ९० धावा काढल्या होत्या. दुसऱ्या डावात तो टिकला असता, तर विजय दुरावला असता. परंतु वेंकटराघवनांच्या चेंडूवर सोलकरांनी पुढे सूर मारला आणि जमिनीलगत त्याचा झेल टिपला. नॉट १ धाव काढून परतला. चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ बळी घेतले व इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. भारताने इंग्लंडच्या भूमीवर प्रथमच कसोटी सामना आणि मालिका जिंकली.

सोलकर २७ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांचे शतक एकच. झेल मात्र ५३! म्हणजे प्रत्येक सामन्यात जवळजवळ दोन. यष्टिरक्षक वगळता इतके प्रमाण क्वचितच कोणाला साधले असेल. २६ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

दिवसभरात झेल एखादाच येतो. तोही केव्हा येईल, हे कोणास ठाऊक नसते. म्हणून सोलकर प्रत्येक चेंडूला तितक्याच तत्परतेने वाकत. त्यांच्या यशाचे मर्म या अखंड सावधपणात आहे.